फार्महाऊस आहे म्हणून कुत्रा देऊ नका

श्वान-दत्तक गटांचे कार्यकर्ते, निवाऱ्यांचे चालक आणि रविवारच्या दत्तक मेळाव्यांचे संयोजक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

"बॉर्डर कॉली, नर, दोन वर्षे. अतिशय खेळकर, लहान मुलांत रमतो. मालक परदेशी जात असल्याने अर्जंट घर हवे. भरपूर मोकळी जागा लागेल. फार्महाऊस असणाऱ्यांना प्राधान्य."

पुणे-मुंबईकडच्या कुठल्याही गटावर महिन्यातून दोनदा तरी ही जाहिरात दिसते. फोटो बदलतो, कधी बॉर्डर कॉलीच्या जागी जर्मन शेफर्ड येतो, हल्ली बेल्जियन मॅलिनॉइसही येऊ लागलाय. शेवटची ओळ मात्र तीच. आता तर तुमच्यापैकी काही गटांनी तिचा नियमच केला आहे: मेंढपाळ जातीचा कुत्रा फ्लॅटमध्ये देणार नाही, जमीन असलेल्यालाच देणार. हा नियम कुत्र्याच्या भल्यासाठी केलाय यात शंका नाही. तो चुकीचा आहे यातही नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही जण कुत्र्यांना शिकवतो, काही जण फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत, कुत्री घरी ठेवतो, एक-दोघे जनावरांच्या दवाखान्यात काम करतात. तुम्ही दिलेला कुत्रा तिसऱ्या-चौथ्या घरातून परत फिरतो तेव्हा बहुधा आमच्याच कुणाच्या तरी फाटकाला बांधलेला सापडतो. आमचा संबंध तो एवढा.

तुमची अडचण आम्हाला माहीत नाही असे समजू नका. जागा दहा कुत्र्यांची, कुत्री तीस, दवाखान्याचे बिल थकलेले, आणि रात्री अकराला फोन येतो की उद्या सकाळपर्यंत नेला नाहीत तर हायवेला सोडून देतो. कायद्याचा धाक म्हणावा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे खरा, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात चहा-वडापावही धड होत नाही. तेव्हा घाई का होते ते कळते. आमचे भांडण घाईत वापरलेल्या मोजपट्टीशी आहे.

फार्महाऊस म्हणजे काय ते आधी नीट पाहू. मुळशी, पानशेत, कर्जत किंवा अलिबागकडे अर्धा एकर जागा, तारेचे कुंपण, शनिवार-रविवारी येणारे मालक. सोमवार ते शुक्रवार तिथे राखणदाराचे कुटुंब असते. त्यांना पगार झाडांना पाणी घालायचा मिळतो, कुत्रा शिकवायचा नाही. पहिला आठवडा कुत्रा मोकळा फिरतो. मग शेजारच्या कोंबड्या पिटाळतो, दूधवाल्याच्या मोटारसायकलच्या चाकाशी तोंड घालतो, आणि आंब्याच्या बुंध्याला साखळी येते. महिन्याभरात झाडाभोवती रिंगण पडते. आतले गवत उडालेले, माती तुडवून घट्ट झालेली, आणि फाटकाच्या बाजूला एक खोलगट चर, कारण प्रत्येक वाहनाला तो त्याच बाजूने धाव घेतो आणि साखळीचा हिसका बसला की तिथेच गर्रकन उलटा फिरतो. तीन मीटर साखळीचे रिंगण भरते सुमारे ३०० चौरस फूट. अर्धा एकर मिळावा म्हणून दिलेला कुत्रा वन-आरकेएवढ्या जागेत राहतो, तोही छपराविना.

शिवाय बिबट्या. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा वजनाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तो आपला कुत्रा रात्री आत घेतो किंवा त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतो. शहरातून आलेला कुत्रा मात्र रात्री अंगणात बांधलेला असतो, "राखण करेल" म्हणून.

आता मुख्य मुद्दा. लांडग्याच्या शिकारीचा क्रम ठरलेला असतो: नजर लावणे, दबा धरून सरकणे, पाठलाग, पकड, मारणे. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कुत्र्यांत या क्रमाची काटछाट केली. बॉर्डर कॉलीत पहिल्या तीन पायऱ्या धारदार ठेवल्या आणि शेवटच्या दोन दाबून टाकल्या. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ ज्याच्यापाशी पोचते तो ओल्ड हेम्प १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्दम्बरलंडमध्ये जन्मला. त्याची ख्याती अशी की तो न भुंकता नुसत्या नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवायचा. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगला अडेल गुरे हलवायची होती, म्हणून त्याच्यात टाचेला चिमटा काढण्याची सवय राखली. जर्मन शेफर्डचे काम आणखी वेगळे. कुंपण नसलेल्या शेताच्या कडेने दिवसभर ये-जा करून मेंढ्यांना पिकात शिरू न देणे, म्हणजे तो स्वतःच चालते कुंपण. १८९९ मध्ये जर्मनीत त्याची जात म्हणून नोंद सुरू झाली तीही अशा कामकरी कुत्र्यांतूनच. आज तुमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलच्या कडेने जो जर्मन शेफर्ड तासन्‌तास एकाच रेषेत दुडकत भुंकतो, तो "वेडा झालेला" नाही. तो कामावर आहे, फक्त त्याला कामावर कुणी लावलेले नाही आणि सुट्टी द्यायलाही कुणी नाही.

सुट्टी देणे ही इथली कळीची गोष्ट. ब्रिटनमधला मेंढपाळ काम संपले की "दॅट्ल डू" म्हणतो आणि कुत्रा मेंढ्यांवरची नजर काढून त्याच्या पायाशी येतो. मराठीत "पुरे". या कुत्र्याला धावायला लावणारे शंभर भेटतात, पुरे म्हणणारा एखादाच. अर्धा एकर जमीन पुरे म्हणत नाही. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत हलणाऱ्या गोष्टी असतात: वासरे, कोंबड्या, सायकली, पाखरे, पलीकडच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर. प्रत्येक गोष्ट त्याला कामावर बोलावते आणि थांबवत कुणीच नाही.

घरातही तेच होते, हे कबूल. जमिनीला पोट टेकवून, मान खाली, एक पुढचा पाय उचललेला, नजर छताच्या पंख्यावर खिळलेली. पाणी ठेवा, बिस्कीट ठेवा, हाक मारा, कान हलत नाही. पंखा बंद केला की भिंतीवर मोबाईलच्या काचेचा कवडसा शोधतो. घरातल्यांना आधी गंमत वाटते, कुणीतरी लेझरचा लाल ठिपका फिरवून व्हिडिओ काढतो, आणि तिथून पुढे ते खूळ सुटायला महिने लागतात. दुसरे नेहमीचे ठिकाण पार्किंग. मुले लपंडाव खेळताना कुत्रा त्यांच्याभोवती मोठे वळण घेतो, एकेकाला कोपऱ्याकडे वळवतो, आणि जो कळपातून फुटून पळतो त्याच्या टाचेला दात लावतो. सँडलच्या मागच्या पट्टीवर दोन खुणा. "कुत्रा चावला" अशी तक्रार होते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या गटावर जाहिरात येते: "लहान मुलांत रमतो."

"मग धनगराला देऊ या, मेंढ्यांत राहील" असेही सुचवले जाते. सुचवणाऱ्याने धनगराचा कुत्रा पाहिलेला नसतो. तो कुत्रा राखणदार आहे. पिल्लूपणापासून मेंढ्यांत वाढतो, वाड्यासोबत, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळासोबत, चालतो आणि रात्री लांडग्यावर धावून जातो. मेंढ्या हाकण्याचे काम माणसाच्या आवाजाचे आणि काठीचे. तिथे न शिकलेली बॉर्डर कॉली सोडली तर मेंढ्या फुटतात, धावून धावून दमतात, गाभण मेंढी गाभडते. शिकवायचे म्हटले तर आधी शिकवणारा हवा, शिट्टीच्या खुणा हव्यात, शांत मेंढ्या हव्यात आणि वर्ष-दोन वर्षे हवीत. धनगराने ते नुकसान का सोसावे?

आता आमची गाऱ्हाणी. सगळी सारख्या वजनाची नाहीत.

पहिले, जाहिरातीतली भाषा. "खेळकर" म्हणजे पाहुण्यांच्या अंगावर उडी घेतो, "प्रेमळ" म्हणजे एकटा राहिला की दार खरवडतो, "राखणीला उत्तम" म्हणजे कुणाला तरी चावलेला आहे. हे सांकेतिक शब्द आम्हाला कळतात, पहिल्यांदाच कुत्रा घेणाऱ्याला कळत नाहीत. चावला असेल तर तसे लिहा, आणि कसा चावला तेही लिहा. श्वान-वर्तनतज्ज्ञ इयन डनबार यांची चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी प्रशिक्षक वापरतात, ती वापरा: पहिल्या पायरीवर दात कातडीला लागतच नाहीत, दुसऱ्यावर लागतात पण भोक पडत नाही, तिसऱ्यावर एका चाव्यात एक ते चार भोके, सुळ्याच्या निम्म्या लांबीहून उथळ. टाचेला चिमटा काढणारा दुसऱ्या पायरीवरचा कुत्रा आणि चौथ्या पायरीवरचा, खोल चावून झटके देणारा कुत्रा, यांना घरे वेगळी लागतात.

दुसरे, मेळाव्यात बघून त्याच संध्याकाळी कुत्रा देणे. मंडपाखाली, स्पीकरच्या आवाजात, तीस कुत्र्यांच्या वासात जो शांत बसलेला दिसतो तो बहुतेक वेळा शांत नसतो, गोठलेला असतो. शेपूट पोटाशी, खाऊ नाकासमोर धरला तरी तोंड फिरवतो, जांभया देतो. घेणारा म्हणतो, किती गुणी! दहा-पंधरा दिवसांनी घर ओळखीचे झाले की खरा कुत्रा बाहेर येतो, आणि तो त्यांनी निवडलेला कुत्रा नसतो.

तिसरे, नसबंदी न करता देणे. देखणा, नसबंदी न झालेला, फुकटचा बॉर्डर कॉली नर हा काही लोकांसाठी पिल्लांचा कारखाना असतो. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ज्याला हे पाळायचेच नाही तो तुमच्या दारात "प्राणीप्रेमी" म्हणून येतो. पत्रिका जुळवायला नर हवा असणाऱ्याने चौकशीत पहिला प्रश्न कागदपत्रांचा किंवा "क्रॉसिंग झालंय का" असा केला, तर फोन तिथेच ठेवा.

चौथे, औषधे. याबद्दल जरा सविस्तर, कारण यात जीव जातो. कॉली वंशातल्या काही कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो. काही औषधे मेंदूत शिरू न देणारा जो पंप शरीरात असतो, तो अशा कुत्र्यात काम करत नाही. रफ कॉलीत आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये हा दोष बराच आढळतो, बॉर्डर कॉलीत क्वचित, काही जर्मन शेफर्डांतही असतो. संकरित कुत्र्याचे नुसते बघून सांगता येत नाही. अशा कुत्र्याला खरुज किंवा गोचिडीसाठी आयव्हरमेक्टिनचे मोठ्या मात्रेचे इंजेक्शन दिले, किंवा जुलाबावर घरातली लोपेरामाइडची गोळी दिली, तर तो झोकांड्या खातो, लाळ गाळतो, दिसेनासे होते, बेशुद्ध पडतो. गोठा असलेल्या ठिकाणी धोका दुप्पट: जनावरांना नुकतेच आयव्हरमेक्टिन दिलेले असेल तर त्यांचे शेण किंवा लीद खाऊनही असा कुत्रा विषबाधेने लोळू शकतो. गोचिडीवर राखणदार गुरांचे औषध कुत्र्याच्या अंगावर ओततो ते वेगळेच. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: "कॉली वंश, एमडीआर-१ तपासणी झालेली नाही, आयव्हरमेक्टिन वेटला (पशुवैद्याला) विचारल्याशिवाय नको." जनुकाची तपासणी गालाच्या आतल्या बाजूने घेतलेल्या नमुन्यावर होते. परवडत असेल तर करा. ओळ लिहायला तर पैसे लागत नाहीत. सोबत रक्ततपासणी करून प्लेटलेट पाहा. गोचीडतापाने (एर्लिकिया, बेबेसिया) निम्मा झालेला कुत्रा फॉस्टरकडे "समजूतदार" वाटतो आणि औषधाचा कोर्स संपला की भिंती चढतो. जर्मन शेफर्ड असेल तर खुब्याचा एक्स-रेही. दुखणारा कुत्रा चिडका दिसतो आणि चिडका म्हणून परत येतो.

पाचवे, परतीचे दार बंद ठेवणे. काही गटांच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलेले असते: "एकदा दिलेला कुत्रा परत घेतला जाणार नाही." हेतू कळतो, माणसाने विचार करून घ्यावे. प्रत्यक्षात विचार न करणारा सही करतोच, आणि पुढे कुत्रा ताम्हिणीच्या घाटात उतरवतो.

मग कुत्रा द्यायचा कसा? आधी फॉस्टरकडे किमान १४ दिवस. पहिले तीन दिवस काही तपासू नका: खाणे, झोप, ठरलेल्या वेळी बाहेर नेणे, बस. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. मेंढपाळ जातीच्या पुष्कळ कुत्र्यांना ही झोप आधी शिकवावी लागते, क्रेट (झोपायचा पिंजरा) नाहीतर टेबलाखालची चादर घालून. चौथ्या दिवसापासून एक साधी दोनशे पानी वही ठेवा आणि तीत या गोष्टी लिहा.

थांबायला किती वेळ लागतो. वीस-पंचवीस मिनिटे हुंगत फिरवून आणा, पाणी द्या, पट्टा खुर्चीच्या पायाला अडकवा आणि आपण पेपर वाचत बसा. त्याच्याकडे बघायचे नाही. तो कितव्या मिनिटाला कूस टेकून पडतो ते घड्याळात पाहा. दहा मिनिटांत पडला तर पहिल्यांदा कुत्रा घेणाऱ्या समजूतदार घरातही चालेल. चाळीस मिनिटांनंतरही येरझारा, कण्हणे, बॉल आणून पायावर टाकणे चालू असेल, तर अनुभवी माणूसच हवा. ही एक नोंद जाहिरातीतल्या सगळ्या विशेषणांपेक्षा कामाची आहे.

हलत्या चाकाचे अंतर. ओळखीच्या माणसाला स्कूटर घेऊन ३० मीटरवरून, मग १५, मग ५ मीटरवरून हळू जायला सांगा. कुत्रा ज्या अंतरावर हातातला चिकनचा तुकडा घ्यायचे थांबवतो ते त्याचे अंतर. ते २० मीटर असेल तर त्याला गल्लीतल्या चाळीत देऊ नका, कारण तिथे २० मीटर कुठेच नाहीत. मुलांची परीक्षा खऱ्या मुलांवर कधीही घेऊ नका. बागेच्या कुंपणाबाहेरून, दुहेरी पट्ट्यावर, मुले पळताना तो काय करतो ते पाहा. टोपलीसारखे मझल (तोंडाला बांधायची जाळी) आधीच सवयीचे करून ठेवा. कापडी पट्टीचे मझल नको, त्यात धापा टाकता येत नाहीत आणि आपल्याकडच्या उन्हात ते जीवघेणे आहे.

एकटेपणा: मोबाईल रेकॉर्डिंगला लावून अर्धा तास बाहेर जा. गळपट्टा अचानक धरल्यावर तो काय करतो, वाडग्याजवळ गेल्यावर ताठरतो का, बॉल मागितल्यावर देतो का. आणि आवाज. या जातींत आवाजाला दचकणारे पुष्कळ असतात, त्यामुळे पुण्यात कुत्रा द्यायचा तर ढोल-ताशाची नोंद हवीच. रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून सुरुवात करा.

घराला विचारायचे प्रश्नही बदला. "किती जागा आहे?" याऐवजी "मंगळवारी सकाळी सहाला कोण उठतं?" आठवड्याचे वेळापत्रक तासवार लिहून मागा, नावासकट. "आम्ही सगळे मिळून बघू" हे उत्तर आले तर कुणीच बघणार नाही असे धरून चाला. जुलैत सलग पाच दिवस पाऊस कोसळत असताना काय कराल? विसर्जनाच्या रात्री आणि दिवाळीत कुत्रा कुठे असेल? घरातले सर्वात लहान मूल किती वर्षांचे? घराचे दार दिवसा उघडेच असते का? कामवाल्या मावशींना कुत्र्याची भीती वाटते का? मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पुष्कळ कुत्री त्याच कारणाने परत येतात.

आणि फ्लॅट बाद नाही. अमेरिकेतले निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावे शिकवली. त्याला मैदान लागले नाही, खेळण्यांचे ढीग आणि रोजचे काही तास लागले. आपल्याला हजार नको, दहा पुरेत. वन-बीएचकेतला चालणारा दिवस साधारण असा: सकाळी पाऊण तास हार्नेस (छातीवरचा पट्टा) आणि दहा मीटरच्या लांब दोरीवर फिरणे, त्यात निम्मा वेळ नुसते हुंगणे. परतल्यावर दहा मिनिटे शिकवणे. नाश्ता वाडग्यात न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून. मग तीन-चार तास सक्तीची झोप. दुपारी पाच मिनिटे वस्तू शोधण्याचा खेळ. संध्याकाळी पुन्हा पाऊण तास, शेवटी बॉल आठ-दहा वेळा, मध्ये थांबे घेऊन, आणि मग "पुरे" म्हणून बॉल कपाटात. शंभर वेळा बॉल फेकून कुत्रा दमत नाही, त्याचा दम वाढतो. महिन्याभराने त्याला दीडशे लागतात. शिवाय ही जात दमली तरी थांबत नाही. उन्हात बॉलमागे दहा मिनिटे धावून पाय फरफटायला लागलेली, नजर हरवलेली बॉर्डर कॉली आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. त्या वेळी सावलीत घेऊन पोटाला, जांघेला साधे नळाचे पाणी, पंखा आणि लगेच वेट.

एवढा दिवस देणारा माणूस सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत सापडू शकतो: रोज टेकडी चढणारे निवृत्त जोडपे, घरून काम करणारी एकटी मुलगी, चपळाईच्या स्पर्धांसाठी कुत्रा शिकवणारा तरुण. जमीनवालाही चालेल, जर तो तिथे राहत असेल आणि त्याच्या वेळापत्रकात मंगळवार असेल.

आमच्या मागण्या:

१. "फार्महाऊस असणाऱ्यांना प्राधान्य" ही ओळ आणि "फ्लॅटला नाही" हा नियम काढून टाका.
२. मेंढपाळ जातीचा किंवा तशा संकराचा कुत्रा १४ दिवसांच्या फॉस्टर वहीशिवाय जाहिरातीत नको, मेळाव्यात तर नकोच.
३. देण्याआधी दोन भेटी, त्यातली एक त्यांच्या घरी, घरातल्या सगळ्यांसमोर. मग तीन आठवडे चाचणी, लेखी. या काळात कुत्रा कागदोपत्री तुमचा.
४. नसबंदी, रेबीजची लस, १५ अंकी मायक्रोचिप. चिपच्या नोंदीत दुसरा संपर्क म्हणून तुमच्या गटाचा क्रमांक.
५. परतीचे दार कुत्रा जिवंत असेपर्यंत उघडे, कारण न विचारता. कारण वहीत मात्र लिहा.
६. तिसऱ्या, एकविसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी चौकशी. फोटो मागू नका, फोटोत सगळी कुत्री सुखी दिसतात. घरात कुणी काही करत नसताना कुत्रा काय करतो याचा एक मिनिटाचा व्हिडिओ मागा.

"इतके नियम लावले तर कुत्री वर्षभर आमच्याकडेच पडून राहतील," असे तुम्ही म्हणाल. काही राहतील. पण तीनदा परत आलेला कुत्रा तुमची जागा तीनदा अडवतो, आणि दर वेळी आधीपेक्षा अवघड होऊन येतो: पहिल्यांदा टाच, दुसऱ्यांदा हात, तिसऱ्यांदा टाके. फॉस्टर कमी पडतात हेही खरे. त्यासाठी आमची घरे आहेत, एका वेळी एक कुत्रा या हिशेबाने. वही कशी ठेवायची, स्कूटरची चाचणी कशी घ्यायची हे दाखवायला तुमच्या कार्यकर्त्यांकडे एखाद्या शनिवारी यायचीही आमची तयारी आहे, पैसे न घेता.

सुरुवातीची जाहिरात आम्ही लिहिली असती तर अशी:

"बॉर्डर कॉली, नर, सुमारे दोन वर्षे, नसबंदी झालेली. १६ दिवस फॉस्टरकडे. घरात १८ मिनिटांत स्वस्थ पडतो. स्कूटरच्या मागे लागतो, सध्याचे अंतर १२ मीटर, सुधारते आहे. पळत्या मुलांच्या टाचेला दोनदा दात लावले, भोक नाही; दहा वर्षांखालील मूल असलेल्या घरी देणार नाही. अर्धा तास एकटा राहतो. फटाक्यांना घाबरतो. 'बस', 'ये', 'पुरे' कळते. एमडीआर-१ तपासणी बाकी. रोज दीड तास त्याच्यासोबत घालवणारा एक ठरलेला माणूस हवा. घर कितीही लहान चालेल."

आपले,
कुत्री शिकवणारे, सांभाळणारे आणि परत आलेली घरात घेणारे काही जण, पुणे